गावकी बसेपर्यंत

२१ मार्च २०२०

आज सकाळी देवळात गावकी बसली. बावीस वर्षं मी या गावचा पोलीस पाटील आहे, पण एवढी माणसं एकदिलाने बसलेली शिमग्यालाही पाहिली नाहीत. मुंबईत रोग पसरतोय, चाकरमानी निघायला लागलेत, आपण काय करायचं, हा प्रश्न. बरीच बडबड झाली. शेवटी मीच उठलो आणि म्हणालो की खिंडीत रस्त्यावर चिऱ्यांचा गडगा घालू. गाडी आत येणार नाही, येईल तो पायी येईल आणि आपल्याला दिसेल.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि देवापुढे नारळ ठेवला. सगळी गावकी पुन्हा इथे बसून हा नारळ उचलत नाही, तोवर गडग्याचा एक चिराही कोणी हलवायचा नाही, असा शब्द झाला. ठराव मी लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि खाली सही केली. सरपंच विनोद चष्मा घरी विसरला होता. म्हणाला, "पाटील, गावात सरकार म्हंजे तुमीच. तुमची सही असली की झालं." खोटं नाही ते.

घरी आल्यावर तुळसाने विचारलं, "आनि आपला ऋत्विक आला म्हंजे?" बायकांना नाही त्या शंका. पोरगा बोटीवर आहे. दर्यात रोग कुठून येणार?

२६ मार्च

देशच बंद झाला. आपला गडगा चार दिवस आधीचा, हे मी आज तलाठ्याला फोनवर ऐकवलं. जमावबंदी लागली आहे. पाच माणसं एकत्र दिसली तर मला कळवायचं आहे. देऊळ बंद, पारावर बसणं बंद.

साथरोगाचा कायदा मिळवून वाचला. १८९७ सालचा, प्लेगाच्या वेळी इंग्रजांनी केलेला. चारच कलमं. एवढ्याशा कागदाने सगळे लोक घरात बसले, याचं मला फार कौतुक वाटलं. शिवाय आपत्तीचा कायदा आहे आणि १८८ कलम आहे. हुकूम मोडला तर गुन्हा. दुपारी बाबल्या रिक्षावाला तोंडाला काही न बांधता दुकानावर उभा होता, त्याला १८८ सांगितलं. तो पळाला. इतकी वर्षं मी बुडालेल्यांचे पंचनामे केले आणि बांधाची भांडणं सोडवली, तेव्हा कोणी पळत नव्हतं.

११ एप्रिल

ऋत्विकचा फोन आला. त्याचा करार मार्चातच संपला. बोट कुठल्याशा परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी आहे. माल उतरवून घेतला, पण माणसाला उतरू देत नाहीत. इंजिनरूममधल्या एकाला ताप आला, तरी किनाऱ्यावरून डॉक्टर आला नाही. कॅप्टनने तीन वेळा विचारलं. बंदरावरच्या आरोग्य अधिकाऱ्याचं एकच उत्तर, परवानगी नाही.

माझं डोकं फिरलं. माल चालतो आणि माल आणणारा चालत नाही? हा कसला कायदा? माणूस दारात उभा आहे, बिचारा थकलेला आहे, आणि तुम्ही आत बसून त्याला नाही म्हणता. असल्या अधिकाऱ्याला पोरंबाळं नसतील. जहाज खात्याला, खासदाराला आणि कलेक्टरला अर्ज लिहिले. अर्जात एक वाक्य चांगलं जमलं: "साथ आली म्हणून माणसाचा घरी परतण्याचा हक्क बुडत नाही."

तुळसाला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत राहिली.

२४ एप्रिल

तहसीलमधून हुकूम आला. गावांनी परस्पर घातलेले अडथळे काढा. रस्ता बंद करण्याचा अधिकार फक्त कलेक्टरांना आहे.

पंचाईत झाली. गडगा काढायचा तर नारळ उचलायला हवा. नारळ उचलायचा तर गावकी बसायला हवी. गावकी बसवायची तर जमावबंदी मोडते, आणि ती कोणी मोडली तर गुन्हा मीच कळवायचा. मी विनोदकडे गेलो. तो अंगणातूनच म्हणाला की देवाचा शब्द मोडायची त्याची तर हिंमत नाही, बाकी पाटलांना योग्य वाटेल ते करावं. गुरव म्हणाला की चौघांनी येऊन नारळ उचलून चालणार नाही, शब्द सगळ्या गावाने दिलाय.

रात्रभर विचार करून उत्तर लिहिलं: जमावबंदी उठताच गावकी घेऊन कार्यवाही करण्यात येईल. कायदाही राखला आणि देवही राखला. असं उत्तर रत्नागिरीच्या वकिलालाही सुचलं नसतं.

१२ मे

दादा आला. म्हणजे दादू, माझा थोरला भाऊ. बरोबर हौसावहिनी. मुंबईत गिरणी बंद पडल्यावर तो एका शाळेत शिपाई होता, आता घरीच असतो. त्यांना मूल नाही. पास काढून गाडी करून आले. हातखंब्याच्या नाक्यावर तपासणी होऊन हातावर शिक्के बसले. गाडीवाला खिंडीत सोडून परत गेला.

मी अलीकडे उभा, ते पलीकडे. वहिनीने डोक्यावर पदर घेऊन मला नमस्कार केला. दादा गडग्यावर हात ठेवून उभा राहिला.

"वासू, हे कोनी घातलं?"

"गावाने."

"माजं घर हाय ना रे आत? कुठच्या कायद्यानं आडवतोस?"

मी कायद्याचं नाव सांगितलं, सालासकट. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरा पाठ केलायस," आणि गडग्यावर चढायला लागला. मध्येच दम लागून बसला. वहिनीने खालून हात दिला. मला पुढे होता येत नव्हतं, सहा फुटांचा नियम आहे, आणि खिंडीत पहाऱ्याला बसवलेली पोरं बघत होती.

दादाने घरातल्या आपल्या खोलीत राहायची परवानगी मागितली. खोली त्याचीच आहे, वेगळं दार आहे, मागे संडास आहे. कलेक्टरांच्या हुकुमात घरात वेगळं ठेवायलाही चालेल असं आहे. पण ती सोय स्थानिक परिस्थिती पाहून करायची असते, आणि स्थानिक परिस्थिती म्हणजे मी. पोलीस पाटलाचा भाऊ घरी आणि बाकीचे शाळेत, हे गावाने ऐकून घेतलं असतं? शिवाय त्या खोलीत आमच्या आंब्याच्या पेट्या आहेत. त्या एवढ्या घाईत कुठे हलवणार? मी शाळेत पाठवलं. चौदा दिवसांचा तर प्रश्न आहे.

रात्री तुळसा म्हणाली की ऋत्विक कोर्ससाठी मुंबईत होता तेव्हा चार वर्षं दादाच्या एका खोलीत राहिला. पोराला पंख्याखाली झोपवून वहिनी मोरीपाशी झोपायची. मी म्हटलं, ते वेगळं आणि हे वेगळं. तिने विचारलं, कसं? मी दिवा मालवला.

१६ मे

विनोदने पंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "आपल्या पोलीस पाटलांनी सख्ख्या भावालाही सोडलं नाही. असा माणूस गावाला लाभला हे भाग्य." पन्नासेक अंगठे आले. गुहागरहून मेहुण्याचाही फोन आला. बरं वाटलं, लपवत नाही.

डबा तुळसा शाळेच्या फाटकाशी ठेवून येते. दादाला छातीचा त्रास जुनाच आहे, गोळ्या संपत आल्या म्हणे. आणायची व्यवस्था करतो.

२० मे

काल शाळेत मुंबईहून आणखी सहाजण आले. संडास एकच. त्यामुळे आधीच्यांचे दिवस नव्याने मोजायला हवेत असा मुद्दा गावाने साथीसाठी नेमलेल्या कृती दलात निघाला. आम्ही चौघे पंचायतीच्या पडवीत लांब लांब बसतो. चौघांना जमावबंदी नाही. मुद्दा विनोदचा, लिहिला मी. आठ दिवस काढलेल्यांचा पुन्हा पहिला दिवस.

शाळेत जाऊन सांगितलं. आधीच्यांत शिवा नावाचा पलीकडच्या वाडीतला तरुण आहे, हॉटेलात कामाला होता. तो म्हणाला, "उद्या आजून धाजन आले तर परत पयला दिवस? मग आमी गनपतीपर्यंत हितंच." मी म्हटलं, नियम तो नियम. दादा भिंतीला टेकून बसला होता. नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याला असं बघायची सवयच आहे.

२३ मे

विनोदचा जावई घरी आहे. ओट्यावर बसून चहा पीत होता. परवा होडीतून आला म्हणतात, पूर्णगडच्या खाडीतून. मी विनोदला विचारलं. तो म्हणाला की ठराव रस्त्याचा आहे, दर्याचा नाही, हवं तर वाचून बघा. मी घरी येऊन वाचला. खरंच रस्त्याचाच आहे. लिहिताना माझ्याकडून राहून गेलं. ठरावात नाही ते मी मनाने कसं घालणार?

ऋत्विकचा फोन. बोट दुसऱ्या बंदराला गेली, तिथेही उतरू देत नाहीत. आवाज खोल गेलाय. दादाकाकाची चौकशी केली. गावात सुखरूप आहेत म्हणून सांगितलं. "काका आपल्या खोलीत आहेत ना?" असं विचारत होता तेवढ्यात रेंज गेली.

२९ मे

दादा गेला.

३० मे

काल लिहवलं नाही. नोंद हवी म्हणून लिहितो.

काल पहाटे शिवाचा फोन आला की दादूकाकांना धाप लागलीय, घाम सुटलाय. मी लगेच १०८ ला फोन केला. एक मिनिट उशीर केला नाही. गाडीही वेळेत आली. पण खिंडीत येऊन थांबली. शाळा गावाच्या या टोकाला, गडगा त्या टोकाला. ड्रायव्हर म्हणाला, चिरे बाजूला करा. मी पोरांना हाक मारली. पोरं आली, लांब उभी राहिली. कोणी हात लावेना. एकजण म्हणाला, "पाटील, नारल उचाललेला नाय." दुसरा म्हणाला, तुम्ही आधी लावा हात, मग आम्ही लावतो.

मी लावला नाही. का लावला नाही ते मला नीट सांगता येत नाही. देवाला भ्यालो असं नाही. सगळे बघत होते, आणि शब्द मीच मोठ्याने वाचून दाखवला होता.

मग शाळेतल्या खुर्चीवर बसवून दादाला आणलं. एका बाजूला शिवा, दुसऱ्या बाजूला वहिनी. मी पुढे चाललो होतो, लोकांना ओरडून घरात जायला सांगत. त्या वेळी ते गरजेचं वाटलं. गडग्यावरून खुर्ची पलीकडे देताना गाडीतले दोघे चढून आले. दादाचा एक पाय चिऱ्यात अडकला, चप्पल पडली. वहिनी ती उचलायला वाकली, तोवर दार लागलं. तिला मी गाडीत चढू दिलं नाही, तिचे दिवस पुरे नव्हते. पावस गावाच्या पुढे कुठेतरी तो गेला.

आज रत्नागिरीला नगरपालिकेच्या माणसांनीच सगळं केलं. मी लांबून हात जोडले. अग्नी त्यांच्यातल्याच एकाने दिला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

जायच्या आधी वहिनी शाळेच्या फाटकाशी उभी होती. म्हणाली, "भावजी, येकदा तोंड बघू द्या. लांबून बघते. परत हितंच येऊन बसते, म्हनाल तितके दिवस." मी म्हटलं, वहिनी, माझ्या हातात असतं तर. अधिकारच नाही मला. तिने मान हलवली आणि आत गेली. तिने माझं ऐकलं, याचंच मला जास्त वाईट वाटतंय.

२ जून

दादाचा रिपोर्ट आला. रोग नव्हता. छातीचंच होतं.

आमच्या घरातली चूल बंद आहे. तुळसा शेजारून आलेलं अन्न डब्यात भरून शाळेत जाते आणि फाटकाशी न थांबता आत जाऊन वहिनीजवळ बसते. नियम मोडतेय. मी कुठे कळवलं नाही. गोळ्यांचं पाकीट परवा आलं होतं, ते अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे.

६ जून

तहसीलचा जेसीबी आला आणि पाव तासात गडगा गेला. चिरे गटारात पडले. नारळ देवळात आहे तिथेच आहे. कोणाला काही झालं नाही.

मला नोटीस आली. रस्ता कोणत्या अधिकाराने बंद केला, खुलासा करा, अन्यथा १८८ खाली कारवाई. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी विनोदकडे गेलो. तो म्हणाला की ठरावावर सही पाटलांची आहे आणि त्याला त्या दिवशी चष्मा नव्हता. गुरव म्हणाला, त्याने फक्त गाऱ्हाणं घातलं. पारावर चौघे बसले होते, मला बघून उठले. गाव करी ते राव काय करी, असं ऐकत आलो. गावाने तर काहीच केलं नाही म्हणे.

नायब तहसीलदार बाई तरुण आहेत, फोनवर नीट बोलल्या. मी म्हटलं, मॅडम, मी हुकुमाबाहेर पाऊल टाकलं नाही, सख्ख्या भावजयीलाही सोडलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाटील, रस्ता अडवायचा अधिकार तुम्हाला नव्हता. पण बाईंना नवऱ्याच्या अंत्यदर्शनाला पाठवायला कोणाची आडकाठी होती? नुसतं कळवायचं होतं. भावालाही घरी ठेवता आलं असतं."

आता सांगतात. आधी कोणी सांगितलं? हुकूम सतरा पानांचा, त्यात अमुक करू नका हे ठळक, आणि अमुक करायला हरकत नाही हे बारीक. माणूस ठळक तेच वाचतो.

११ जून

वहिनी मुंबईला परत गेली. मुंबईत रोग आहे, जाऊ नका, असं मी सांगितलं. खोली रिकामी करून ठेवली होती, आंब्याच्या पेट्या पडवीत काढल्या होत्या. ती घराच्या पायरीशी आली पण चढली नाही. दादाच्या हिश्शाचं मी बोलायला लागलो तर म्हणाली, "भावजी, ऱ्हाऊ दे. तेंना तर पाय ठेवायला दिला नाय, मी काय करू हिस्सा घेऊन?" तुळसा बाबल्याच्या रिक्षातून तिला पावसपर्यंत सोडायला गेली. मला ये म्हणाली नाही.

१८ जुलै

ऋत्विक उतरला! कोचीला बोट लागली आणि आपल्या सरकारने आपली माणसं उतरवून घेतली. सव्वा वर्षाने पोराचे पाय जमिनीवर. माझ्या अर्जाचा उपयोग झाला की नाही माहीत नाही, पण झालाही असेल. तुळसा देवापुढे बसून रडली. मी पेढे आणायला गेलो. दुकानदाराने अभिनंदन केलं, बाकी कोणी विचारलं नाही.

तिथे त्याला हॉटेलात वेगळं ठेवलंय. मग गाडीने येईल. खोलीला चुना मारून घेतला. कृती दल मला आता बोलावत नाही, पण मी निरोप दिला की तो घरीच राहील. कलेक्टरांच्या हुकुमात तशी तरतूद आहे. पान नऊ, बारीक अक्षरात.

२ ऑगस्ट

ऋत्विक मुंबईत आहे. कोचीहून थेट हौसावहिनीकडे गेला. केस उतरवून डोकं केलं, दादाचं जे राहिलं होतं ते सगळं केलं म्हणे. मला तुळसाकडून कळलं. सुतक कधीच फिटलं, आता डोकं करायची काय गरज होती? फोन केला तर झोपलाय म्हणाली वहिनी. आवाज नेहमीसारखाच, भावजी बरे आहात ना, असा.

९ ऑगस्ट

तुळसा मुंबईला गेली. गणपतीला यायचं तर आता निघालं पाहिजे, पोराला घेऊन ये, असं सांगून मीच पास काढून दिला. पिशवीत तिने सोलं, कुळीथ, तांदूळ भरले आणि कपाटातल्या सगळ्या साड्या भरल्या. चार दिवसांसाठी एवढ्या साड्या कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, परत आल्यावर शाळेत किती दिवस ठेवाल ते सांगता येत नाही.

मी म्हटलं, आता शाळा नाही, घरीच. ती पिशवी बांधत होती.

१९ ऑगस्ट

गणपती तीन दिवसांवर. गाव चाकरमान्यांनी भरलं आहे. खिंडीत कमान उभी राहिली, "चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत", खाली विनोदचा फोटो. आमच्या घरची मूर्ती सांगून ठेवलेली आहे, आणायला माणूस नाही. बाबल्याला विचारलं, तो बघतो म्हणाला.

संध्याकाळी ऋत्विकचा फोन आला. स्वतःहून. मी म्हटलं, कधी निघताय? तो म्हणाला, "नाय येत बाबा. आईपन हितंच ऱ्हाते म्हनते. काकी येकटी हाय."

मी समजावलं. गावात आता काही अडथळा नाही, रस्ता मोकळा आहे, कायद्याने कोणी अडवू शकत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, तिकडं नांगरावर होतो ना, तवा रोज रात्री त्या बंदराचे दिवे बघायचो. हितं कोन तरी बसलाय, रोज आपल्याला नाय म्हनतोय, तो मानूस दिसतो तरी कसा, असं वाटायचं. घरदार असंल का त्याला, पोरगा असंल का. आता कळलं कसा दिसतो."

मी विचारलं, कोण? कुठे भेटला तो?

 मागे वहिनी कोणाला तरी वाढत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "जेवलात का बाबा?"

मी हो म्हटलं. भात अजून लावलाही नव्हता.